छपरावरचे ओझे ओळखणारा धर्मगुरू

औंढा नागनाथहून वसमतकडे जाताना शिरड शहापूर लागते. मल्लिनाथाच्या जैन मंदिरामुळे दूरवर ओळखले जाणारे, हळदीच्या पट्ट्यातले गाव. २१ मार्च २०२४ च्या सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी हा सगळा परिसर हादरला. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राने त्या धक्क्याची नोंद ४.५ रिश्टर अशी केली. अकरा मिनिटांनी दुसरा धक्का आला, तो ३.६ चा होता. हिंगोलीबरोबर नांदेड आणि परभणी जिल्ह्यांतही लोक घराबाहेर पळाले. त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा ४.५ चा धक्का बसला. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसराला तर जमिनीतून येणारे गूढ आवाज त्याच्या कितीतरी आधीपासून परिचयाचे आहेत. असा गडगडाट झाला की पारावर एक प्रश्न हमखास निघतो : आपल्या पायाखाली ज्वालामुखी तर नाही ना?

प्रश्न अगदीच भाबडा नाही. शेतातली काळी माती, विहीर खोदताना लागणारा काळा पाषाण, हेमाडपंती देवळांचे चिरे हे सगळे ज्वालामुखीचेच देणे आहे. पण तो लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला आणि केव्हाच थंड झाला. आज भारतात जागा असलेला ज्वालामुखी एकच, तो अंदमानातल्या बॅरन बेटावर. हिंगोलीच्या खाली उकळता रस नाही. आवाज येतात ते उथळ, लहान धक्क्यांचे. घट्ट काळ्या दगडातून कंपने जलद वर येतात, त्यांतली काही हवेत उतरतात आणि धक्का जाणवण्याआधी गडगडाट ऐकू येतो. ज्वालामुखीची भीती मनातून काढून टाकायला हरकत नाही. घराच्या छपराची काळजी मात्र काढून टाकता येत नाही.

त्या मार्चच्या सकाळी नांदेडच्या प्रशासनाने लोकांना एक साधी सूचना दिली होती. पत्रे वाऱ्याने उडू नयेत म्हणून ज्यांनी त्यांवर दगड ठेवले आहेत, त्यांनी ते उतरवून ठेवावेत. वाचताना किरकोळ वाटते. पण जमीन हलली की माणूस जमिनीमुळे मरत नाही, डोक्यावर जे पडते त्याने मरतो, हे शास्त्र त्या सूचनेत होते. हे शास्त्र गावोगाव फिरून, पडलेल्या भिंती मोजून ज्यांनी रचले त्यांत जुझेप्पे मर्केली हे नाव वरचे आहे. भूकंपाच्या तीव्रतेचे ‘मर्केली प्रमाण’ आपल्यापैकी अनेकांनी भूगोलाच्या पुस्तकात पाहिलेले असते. त्यामागचा माणूस ख्रिस्ती धर्मगुरू होता, शाळामास्तर होता, आणि त्याचे आयुष्य भूकंपाइतकेच ज्वालामुखींच्या अंगावर गेले, हे सहसा सांगितले जात नाही.

मर्केली यांचा जन्म २१ मे १८५० चा, इटलीतल्या मिलान शहरातला. तरुणपणीच त्यांनी धर्मगुरूची दीक्षा घेतली. पण ओढ निसर्गाच्या अभ्यासाची होती. मिलानमध्ये आंतोनियो स्तोप्पानी हे त्या काळचे नामवंत भूगर्भशास्त्रज्ञ शिकवत. तेही धर्मगुरूच होते. त्यांच्या हाताखाली मर्केली यांनी १८७४ मध्ये निसर्गविज्ञानाची पदवी घेतली आणि मिलानच्या धर्मविद्यालयात विज्ञान शिकवायला सुरुवात केली. सुरुवातीचा अभ्यास होता आल्प्सच्या पायथ्याशी हिमनद्यांनी आणून टाकलेल्या दगडगोट्यांचा. तिथेच ते रमले असते तर आज त्यांचे नाव चार तज्ज्ञांपलीकडे कोणाला ठाऊक नसते.

त्यांना वेगळ्या वाटेवर नेले ते इस्किया बेटाने. नेपल्सजवळच्या समुद्रातले हे ज्वालामुखीचे बेट गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध होते. संधिवाताचे रोगी तिथे हवापालटाला जात. मार्च १८८१ मध्ये तिथल्या कासामिच्चोला गावात भूकंप झाला आणि शंभरावर माणसे गेली. घरे पुन्हा होती तशीच उभी राहिली. २८ जुलै १८८३ च्या रात्री, ऐन हंगामात, पुन्हा धक्का बसला. काही सेकंदांत गाव भुईसपाट झाले आणि २,३०० च्या वर माणसे दगावली. पुढे थोर तत्त्वज्ञ म्हणून नाव मिळवणारे बेनेदेत्तो क्रोचे तेव्हा सतरा वर्षांचे होते. ते ढिगाऱ्याखालून जिवंत निघाले. त्यांचे आईवडील आणि बहीण निघाली नाहीत.

मर्केली यांनी या भूकंपाचा बारकाईने अभ्यास केला. त्यांना दिसलेली गोष्ट चमत्कारिक होती. एवढा संहार, पण त्याचे क्षेत्र अगदी लहान. काही किलोमीटर दूर गेले की घरे जवळजवळ शाबूत होती. म्हणजे धक्क्याचे मूळ फार खोल नव्हते. एकाच गावात एक आळी नाहीशी झालेली आणि दुसरी तग धरून असलेली, असेही होते. जमीन पोकळ आहे की टणक, भिंतीत चुना किती आणि माती किती, छप्पर जड की हलके, यावर हिशेब फिरत होता. या भूकंपानंतर बेटावर घरे कशी बांधावीत याचे सरकारी नियम झाले. शंभर माणसे गेली तेव्हा ते झाले नव्हते, हेही नोंदवून ठेवायला हवे.

त्याच १८८३ साली मर्केली यांचा इटलीतल्या ज्वालामुखींवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यासाठी त्यांनी जुनी दप्तरे, चर्चच्या वह्या, नगरांचे इतिहास चाळून देशातल्या शेकडो भूकंपांची जंत्री केली. ती नकाशावर मांडली तेव्हा कोणता भाग वारंवार हलतो आणि कोणता क्वचित, हे पहिल्यांदाच एका नजरेत दिसू लागले. पण जंत्री करताना एक अडचण उभी राहिली. तीनशे वर्षांपूर्वीचा भूकंप आणि कालचा भूकंप यांची तुलना करायची कशी? तेव्हा यंत्रे नव्हती. उरलेल्या होत्या फक्त माणसांच्या आठवणी : घंटा आपोआप वाजल्या, घोडे बुजले, मनोरा पडला. मग याच खुणांची पायरी का करू नये? रोस्सी आणि फोरेल या दोघांनी तशी एक दहा पायऱ्यांची मोजपट्टी आधी केली होती. मर्केली यांनी तिच्यावर काम करत आपली पहिली, सहा पायऱ्यांची पट्टी तयार केली.

इथे थोडे थांबून एक घोळ निस्तरायला हवा, कारण बातम्या वाचताना तो रोज होतो. रिश्टरचा आकडा सांगतो भूकंपात किती ऊर्जा सुटली. एका भूकंपाला तो एकच असतो. मर्केलीची पायरी सांगते की अमुक ठिकाणी त्या भूकंपाने काय केले. एकाच भूकंपात ती शिरड शहापुरात वेगळी, नांदेडात वेगळी आणि पुण्यात शून्यवत असू शकते. दिव्याचे वॅट आणि तुमच्या पुस्तकावर पडलेला उजेड यांत जो फरक, तोच हा.

अठराशे अठ्ठ्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये सिसिलीच्या उत्तरेकडचे वुल्कानो बेट पेटले. बेटावर एका ब्रिटिश मालकाचा गंधक आणि तुरटीचा कारखाना होता, तो उद्ध्वस्त झाला. हा उद्रेक जवळजवळ दोन वर्षे चालला. तिथे लाव्हाच्या नद्या वाहिल्या नाहीत. विवराचे तोंड घट्ट रसाने बुजायचे, खाली वायू कोंडायचा आणि मग तोफेसारखा बार होऊन दगड उडायचे. भट्टीतल्या पावासारखी वरून तडकलेली साल असलेले ते धोंडे आजही तिथे पाहायला मिळतात. मर्केली यांनी हा प्रकार शेजारच्या स्ट्रॉम्बोलीपेक्षा वेगळा असल्याचे दाखवले. स्ट्रॉम्बोली दर काही मिनिटांनी थोडे थोडे ओकतो, वुल्कानो दाबून ठेवतो आणि फुटतो. उद्रेकांच्या या जातीला जगभर ‘वुल्कानियन’ म्हणतात ते तेव्हापासून. वर्गीकरण म्हणजे कोरडे काम वाटते, पण डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्याला ते जीवनमरणाचे असते. लाव्हाच्या पुढे चालत जाऊन वाचता येते, उडत्या धोंड्यापुढे नाही.

काही काळ दक्षिणेत काढून १८९२ मध्ये मर्केली नेपल्सला आले आणि मरेपर्यंत तिथेच राहिले. पोटापाण्याची नोकरी होती व्हित्तोरियो इमान्युएले या शाळेतली. विद्यापीठात ते ज्वालामुखी आणि भूकंप हे विषय शिकवत. उरलेला वेळ व्हेसुव्हियसचा. शहराच्या खिडक्यांतून दिसणारा हा डोंगर त्या काळी सतत धुमसत असे. मर्केली वारंवार वर जात, विवराची खोली, धुराचा रंग, धोंड्यांची उंची, नव्या भेगा टिपून घेत आणि दरवर्षी ते टिपण छापत. पंधरा वर्षांच्या या चिकाटीतून त्यांना डोंगराची चाल उलगडत गेली. लहानसहान कुरबुरींची लांब पाळी, तिच्या शेवटी एक मोठा उद्रेक, मग काही वर्षे गाढ शांतता, आणि पुन्हा कुरबूर. पायथ्याची माणसे नेमकी उलट समजून होती. त्यांना शांतता म्हणजे सुरक्षितता वाटे, आणि कुरबूर सवयीची झाली होती. १८७२ च्या उद्रेकात तर लाव्हा पाहायला म्हणून वर गेलेली वीसेक माणसे भाजून मेली. त्यांत नेपल्सच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थीही होते.

खरे तर इशारा दगडात कोरून ठेवलेला होता. १६३१ मध्ये व्हेसुव्हियसने हजारो बळी घेतल्यावर तिथल्या स्पॅनिश सुभेदाराने पोर्तिची गावात शिलालेख लावला. डोंगर पेटण्याआधी हलतो, धुमसतो, गुरगुरतो. तेव्हा घरदार, सामान काही न पाहता पळा, अशा अर्थाचा तो मजकूर आहे. शिलालेख तिथेच राहिला आणि त्याच्याभोवती घरे वाढत गेली.

१९०२ मध्ये मर्केली यांनी आपली मोजपट्टी सुधारून दहा पायऱ्यांची केली. पहिल्या पायरीचा धक्का फक्त यंत्राला कळतो. दुसऱ्या पायरीचा वरच्या मजल्यावर पडून राहिलेल्या एखाद्याला. तिसऱ्यात जाणवते, पण भूकंप होता हे चौघांत बोलल्यावर कळते. चौथ्यात खिडक्या आणि भांडी वाजतात. पाचव्यात झोपलेले जागे होतात, सहाव्यात लोक घाबरून बाहेर धावतात आणि गिलावा पडतो. सातव्यापासून घरांना इजा सुरू होते. आठव्यात काही घरे अर्धीमुर्धी कोसळतात आणि तुरळक मृत्यू होतात, नवव्यात काही घरे पूर्ण जातात आणि बळी पुष्कळ, दहाव्यात गावेच जातात आणि जमिनीला भेगा पडतात. यातली मेख अशी की यासाठी यंत्र लागत नाही, शिक्षणही फारसे लागत नाही. गावचा पाद्री, तारमास्तर, शिक्षक कोणीही पाहून लिहू शकतो. इटलीने तशी माणसे गावोगाव जोडली होती.

आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला काय झाले ते या पायऱ्यांवर ठेवून पाहावे. धक्का सव्वासहाच्या आसपासचा, म्हणजे जगाच्या हिशेबात प्रचंड नव्हे. पण किल्लारी-सास्तूर भागात त्याने आठवी पायरी ओलांडली आणि आठ ते दहा हजार माणसे गेली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर उन्हाळ्यात गारवा देणारे मातीचे जड माळवद. पहाटे चारच्या सुमाराला सगळे त्याखाली झोपलेले. सरकारी नकाशात हा भाग तोवर भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात रंगवलेला होता. नकाशा नंतर बदलला.

व्हेसुव्हियसचे भाकीत खरे ठरायला १९०६ चा एप्रिल उजाडला. चार तारखेला डोंगराच्या अंगाला भेगा पडल्या. लाव्हा बोस्कोत्रेकासे गावात शिरला आणि साऱ्या जगाचे लक्ष तिकडे लागले. पण लाव्हाने फार माणसे मारली नाहीत, तो हळू येतो. मारले राखेने. वाऱ्याने राख आणि खडे डोंगराच्या ईशान्येला नेले आणि ओत्ताव्हियानो, सान जुझेप्पे या गावांवर ओतले. राख म्हणजे चुलीतली हलकी राख नव्हे, तो दगडाचा भुगा असतो. सपाट गच्चीवर हातभर साठला की, आणि त्यात ओला झाला की, तुळई मोडते. सान जुझेप्पेत लोक देवाच्या आसऱ्याला चर्चमध्ये जमले होते. छप्पर खाली आले आणि एकाच जागी शंभरावर माणसे गेली. नेपल्स शहरातही मोंतेओलिव्हेतो मंडईचे छप्पर राखेच्या भाराने कोसळले आणि अकरा जण दगावले. एकूण बळी दोनशेच्या वर, आणि त्यांतले बहुतेक स्वतःच्याच गावातल्या छपराखाली.

या दिवसांतली एक घटना आरोग्याच्या सदरात सांगायलाच हवी. समुद्रकाठच्या तोर्रे देल ग्रेको गावात वृद्ध आणि लुळ्या रुग्णांचे एक रुग्णालय होते. २५ वर्षांचा एक तरुण डॉक्टर नेपल्सहून तिथे पोचला आणि त्याने सगळ्या रुग्णांना ताबडतोब बाहेर काढायचा हट्ट धरला. शेवटचा रुग्ण बाहेर आल्यावर थोड्याच वेळात छप्पर कोसळले. हा डॉक्टर म्हणजे जुझेप्पे मोस्काती. गरिबांचा वैद्य म्हणून पुढे त्यांचे मोठे नाव झाले आणि १९८७ मध्ये कॅथलिक चर्चने त्यांना संतपद दिले. शाळेत असताना त्यांना विज्ञान शिकवणारे मास्तर होते मर्केली. त्या धड्यांचा आणि त्या दिवसाचा धागा जोडणारा पुरावा कोणी दाखवलेला नाही, आणि मीही तो जोडत नाही. पण राख साचलेल्या छपराकडे पाहून निर्णय घेणारा डॉक्टर याच मास्तरांचा विद्यार्थी होता, एवढे नोंदवल्याशिवाय राहवत नाही.

२८ डिसेंबर १९०८ रोजी मेस्सिना शहर भूकंपात आणि त्यामागून आलेल्या सागरी लाटांत नष्ट झाले. ऐंशी हजारांच्या आसपास माणसे गेली. मर्केली यांनी त्याचाही अभ्यास केला. असा संहार दहाव्या पायरीत बसवणे अवघड होते. अदोल्फो कानकानी यांनी त्याआधीच बारा पायऱ्या सुचवल्या होत्या, पुढे जर्मन शास्त्रज्ञ झीबर्ग यांनी त्या तपशिलाने लिहून काढल्या. १९३१ मध्ये अमेरिकेत वुड आणि नॉयमन यांनी हीच बारा पायऱ्यांची पट्टी इंग्रजीत आणून तिला ‘सुधारित मर्केली’ म्हटले. आज जगभर वापरात असलेल्या या पट्टीत खुद्द मर्केलींच्या शब्दांचा भाग थोडाच उरला आहे. नाव मात्र टिकले.

१९११ मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, ते व्हेसुव्हियस वेधशाळेचे संचालक झाले. १८४१ मध्ये स्थापन झालेली ही जगातली सर्वांत जुनी ज्वालामुखी वेधशाळा. डोंगराच्याच एका सोंडेवर, लाव्हा येऊ शकणार नाही अशा उंचवट्यावर ती बांधलेली आहे. तिथे बसून लुईजी पाल्मिएरी यांनी विजेवर चालणारे भूकंपमापक यंत्र बनवले होते. मर्केली यांना संस्था नव्याने उभारायची होती. उद्रेकानंतरच्या शांततेतच खरी नजर ठेवायला हवी, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? १९१२ मध्ये त्यांचे सहायक अलेस्सांद्रो मालाद्रा विवराच्या तळाशी उतरले आणि खालचे तापमान, वायू यांची नोंद घेऊन वर आले. डोंगर गप्प होता आणि काम सुरू होते.

१९ मार्च १९१४ हा संत जोसेफचा सण, म्हणजे जुझेप्पे नावाच्या माणसाचा नामदिन. त्या दिवशी पहाटे नेपल्समधल्या त्यांच्या खोलीत आग लागली आणि मर्केली तीत जळून गेले. रात्री वाचत बसण्याची सवय होती, तेलाचा दिवा कलंडला असावा, असे बहुतेकांनी मानले. पैशांसाठी खून करून आग लावली, असा संशयही त्या वेळी वर्तमानपत्रांतून आला. आयुष्यभर पेटत्या विवरांच्या काठावर वावरलेला माणूस वयाच्या ६३ व्या वर्षी घरात, दिव्याच्या आगीत गेला. वेधशाळा सांभाळायला त्यांना तीनच वर्षे मिळाली.

व्हेसुव्हियस शेवटचा पेटला मार्च १९४४ मध्ये. त्यानंतर तो गप्प आहे, आणि त्याच्या पायथ्याच्या लाल पट्ट्यातल्या २५ नगरपालिकांत सहा-सात लाख माणसे राहतात. इशारा मिळाल्यावर ७२ तासांत सगळ्यांना बाहेर काढायचे, अशी सरकारी योजना आहे. इस्कियावर २१ ऑगस्ट २०१७ च्या रात्री पुन्हा धक्का बसला, तोही कासामिच्चोलातच. त्याची ताकद होती अवघी ४ च्या आसपास, म्हणजे हिंगोलीच्या २०२४ च्या धक्क्यापेक्षा कमी. तरी दोन जण दगावले आणि एका आळीतली घरे कोसळली. मूळ अगदी उथळ होते, जमीन भुसभुशीत होती आणि बांधकाम जुने होते. हिंगोलीत ४.५ ला भिंतींना तडे गेले, माणसे वाचली. फक्त आकड्यावर विसंबले तर हे उलटे वाटेल.

अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर आज एक अर्ज असतो. जगात कुठेही धक्का जाणवला तर तो कोणालाही भरता येतो. तुम्ही घरात होता की बाहेर, झोपला होता का, टांगलेल्या वस्तू हलल्या का, फळीवरची भांडी पडली का, भिंतीला तडा गेला का, असे त्यातले प्रश्न आहेत. उत्तरे गोळा झाली की संगणक त्यांवरून गावागणिक पायरी ठरवतो. पुढच्या वेळी शिरड शहापुरात गडगडाट झाला, तर भीती ओसरल्यावर घड्याळ पाहून वेळ टिपावी, छताखालच्या भेगा पाहाव्यात आणि पत्र्यावर पुन्हा दगड चढले आहेत का तेही पाहावे.